गरोदरपणातलं लोणी

डॉक्टरांना भेटून आलेला नवरा, त्याची सात महिन्यांची गरोदर बायको आणि त्याची आई माझ्यासमोरच्या बाकावर टेकले.

“आई, हिच्या रक्तात चरबी वाढलीय. लोणी बंदच ठेवायचं.”

“अहो, बाळ पोटात असताना यकृत जास्त चरबी बनवून रक्तात सोडतं, हे आत्ताच सांगितलं ना त्यांनी? मला भूक लागते.”

“आणि पुढे तीच दुधात उतरते. महिनाभर माझ्या सुनेच्या तोंडचं लोणी काढून घेतलंस, ते गेलं कुठे?”

“वाया जाऊ नये, म्हणून मी खाल्लं.”

“आई, यांचंही रक्त तपासलं. आकडा माझ्याएवढाच आलाय.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. तुला कितवा महिना म्हणायचा, बाळा?”