हत्तीसमोर विचारपूस

आता बघा, तुम्हीसुद्धा तेच केलंत. अंगणात आलात, खुर्च्या ओढल्यात, बसलात, आणि पहिलाच प्रश्न काय, तर "ओलेबिले, गाइडचा परवाना मिळाला का रे?" मिळाला का म्हणे... अहो, आधी कसा उठलास ते विचारायचं, ही आपली रीत, विचारलंत? नाही ना विचारलंत? आपल्या माऊन गावची माणसं तुम्ही, राजधानीला दोन दिवस काय जाऊन आलात, लगेच विसरलात... नाही, आता विचारू नका, आता उशीर झाला, आता गुमान ऐका.

तुम्हाला सांगतो, चूक माझी नाहीच, चूक स्कॉटलंडची. चार वर्षं तिथे जंगलातल्या प्राण्यांचं शास्त्र शिकलो. पहिल्याच सकाळी बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरला म्हटलं, "नमस्कार, कसे उठलात? घरची मंडळी कशी उठली?" तर तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी त्याच्या घरात डोकावूनच आलोय... मागे अकरा माणसं रांगेत, वर पाऊस, आणि एक बाई घड्याळाकडे बघून इतके मोठे उसासे टाकत होती की बसच्या काचेवर वाफ धरली. तेव्हा शिकलो, कामाचं बोलायचं आणि पुढे सरकायचं. इतकं छान शिकलो, की येताना ते सामानाबरोबर घरी घेऊन आलो.

आणि आलो तो पेटूनच आलो. म्हटलं, रान आपलं, नदी आपली, हत्ती आपले, आणि पाहुण्यांना ते समजावणार कोण, तर बाहेरून आलेली माणसं? छे, आपलं रान आपणच सांगायचं, आपल्या पद्धतीनं, ताठ मानेनं. पण परवान्याशिवाय पाहुण्यांपुढे तोंड उघडायची सोय नाही, आणि परवाना हवा तर परीक्षकाला बरोबर घेऊन एक आख्खी तंबूतली सफारी आपल्या जबाबदारीवर पार पाडायची. ख्वाई नदीकाठी, चार दिवस. नापास झालात तर सहा महिने तंबूचे खुंटे ठोका.

बरोबर कोण कोण, तर माझा सख्खा ओडिरिले मामा, तीस वर्षं रानात मुरलेला, तंबू आणि ट्रक त्याच्याकडे. स्वयंपाकाला म्मा सेथुन्या. पाहुणे म्हणून बेल्जियमचे एक म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको. आणि परीक्षक तिरेलोसाहेब, म्हणजे आपले रा तिरेलो... टोपी, वही, पेन, आणि तोंडातून शब्द नाही.

मी तर नियम छापूनच नेले होते. नियम पहिला, धोका दिसला की तीनच शब्द बोलायचे, काय, कुठे, किती. मामानं कागद वाचला, उलटा करून मागेही बघितलं, म्हणाला, "भाच्या, यात नमस्कार कुठाय?" मी म्हटलं, "मामा, सिंह नमस्काराला थांबत नाही." म्हणाला, "सिंहाचं नाही विचारलं मी."

मामा आणि म्मा सेथुन्या एक दिवस आधी ट्रक घेऊन पुढे गेले. तळाची जागा मीच नकाशावर नेमून दिली होती, एका थोरल्या मोगोत्लो बाभळीखाली, काय सावली, काय ऐसपैस. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे घेऊन पोचलो आणि गाडीतूनच विचारलं, "मामा, सावली कशी आहे?" "छान आहे." "म्मा सेथुन्या, चहा झाला?" "झालाय." बघा, किती सुटसुटीत. रा तिरेलोनं वहीत काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, कौतुक.

चहा तोंडाला लावला तर साखरच नाही. "म्मा, साखर?" "बबून वानर घेऊन गेला. डब्यासकट." "मग सांगायचं नाही का?" तर ती चुलीवरच्या भाकऱ्या उलटत म्हणते, "विचारलंस का, म्मा, कशा उठलात? विचारलं असतंस तर तेच सांगितलं असतं, की बबूनच्या आरड्यानं उठले." आणि ते बेल्जियमचे मास्तर, कुठल्याशा पुस्तकातून पाठ करून आलेले, गाडीतून उतरल्या उतरल्या टोपी काढून "दूऽऽमेला म्माऽऽ" असा आपला नमस्कार गायले, तर म्मा सेथुन्या लोण्यासारखी विरघळली, आणि त्यांच्या चहात मध. मी इथल्या मातीतला, माझा चहा कडू.

दुसऱ्या दिवशीही मी कामाचंच बोललो, आणि रा तिरेलोनं पुन्हा लिहिलं. आणखी कौतुक.

तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी आटोपून आंघोळीला गेलो. आंघोळ म्हणजे काय, फांदीला टांगलेली बादली, तिला खाली झारी, आणि भोवती छातीएवढं कापड. डोक्याला साबण लावला आणि पाणी बंद झालं. म्हटलं संपलं की काय... वर बघतो तर बादलीत सोंड. सोंडेच्या मागे हत्ती, आख्खा, नर, बाभळीएवढा, आणि निवांत पाणी पितोय. मी म्हटलं, हाच तो क्षण, यासाठीच शिकलो. म्हटलं, "हत्ती. न्हाणी. एक."

म्मा सेथुन्या वीस पावलांवर चवळीच्या शेंगा सोलत बसलेली. तिनं मान वर केली. हत्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मलाच म्हणाली, "दुमेला, रा."

"म्मा, मामाला बोलवा, गाडी..."

"दुमेला, रा."

सांगा, काय करणार? डोळ्यांत साबण, अंगावर एक फडकं नाही. म्हटलं, "दुमेला, म्मा."

"कसा उठलास?"

"बरा उठलो, म्मा. तुम्ही कशा उठलात?"

"गुडघा दुखतोय, पण उठले. आई कशी आहे?"

"बरी आहे, म्मा."

"तिला सांग, भोपळ्याचं बी पाठवायचं राहिलंय."

"सांगतो, म्मा... वाचलो तर सांगतो."

"हळू बोल. पाहुणा जेवतोय."

आणि खरंच, सोंड बादलीतून निघाली ती जमिनीवर, बाभळीची गळलेली एकेक शेंग उचलून तोंडात. मग काय, आम्ही बोलत राहिलो, तिच्या थोरलीचा दात, माझ्या आत्याची गाय, सगळं हळू आवाजात, सावकाश. हत्तीनं शेंगा संपवल्या, कान हलवले, आणि गेला नदीकडे. पलीकडे तंबूच्या दारात रा तिरेलो वहीत लिहीत होते.

मी कापड गुंडाळून तडक मामाकडे. "मामा, या झाडाच्या शेंगांवर हत्ती येतो, हे तुला ठाऊक नव्हतं?" "ठाऊक कसं नव्हतं? पहिल्या रात्री तंबूवर टपटप शेंगा, आणि तोच गडी झाड हलवत होता, डोळ्याला डोळा नाही." "मग बोलला का नाहीस?" "तू सावली विचारलीस. सावली छानच आहे."

शेवटच्या दिवशी सकाळी रा तिरेलो वही घेऊन माझ्या तंबूपाशी आले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा बोलले. "सिंह, दहापैकी दहा. लीद ओळखणं, दहा. हत्ती, दहा. आवाज शांत, घाई नाही, आणि हत्तीसमोर बाईच्या गुडघ्याची चौकशी... बावीस वर्षांत असा उमेदवार बघितला नाही." माझे पाय जमिनीवर राहिनात. आणि त्या आनंदात मी काय बोललो असेन? म्हटलं, "शिक्का कधी मारणार? आत्ताच?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं, हळूच. मग वहीची आधीची पानं दाखवली. दिवस पहिला, विचारलं नाही. दिवस दुसरा, विचारलं नाही. ज्याला मी कौतुक समजत होतो ना, ते हे. म्हणाले, "हत्ती असला की विचारतोस, माणूस असला की नाही. सहा महिन्यांनी ये."

सहा महिने खुंटे ठोकले. प्रत्येकाला विचारलं, कसा उठलास, कशी उठलीस... मामा म्हणतो, आता तर खुंट्यालासुद्धा विचारतो. आणि आज तो शिक्क्याचा दिवस. सकाळी आठला कचेरीच्या दारात हजर. पहारेकऱ्याला विचारलं, कसे उठलात, तर त्याच्या सासूचं ऑपरेशन. रांगेत सतरा माणसं, सतरा जणांची घरं, एका आजीची तर नऊ नातवंडं, आणि नावानिशी. पुढे शिपाई, मग कारकून, मग कारकुनाला चहा घेऊन आलेली मावशी... आणि मी खिडकीशी पोचलो तेव्हा आतल्या बाईंनी माझ्याकडे बघून खिडकी लावली. म्हणाल्या, "चार वाजले, रा. सोमवारी या."

मी म्हटलं, बरं, म्मा... आणि घरची मंडळी कशी आहेत?