लाल झेंड्यांच्या आत

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी. एक गुडघ्यापर्यंत चिखलात, दुसरीच्या काखेत जाडजूड अहवाल. दोघींनाही हसू आवरत नव्हतं.

"ताई, बांध काढून नदीला जुनी जागा द्यायला अजून मंजुरी कुठंय?" अहवालवालीने विचारलं.

"नदीने विचारलंय कुणाला? पहाटे स्वतःच फोडला."

"अगं बाई! पाणी कुठवर आलं?"

"आपण पूररेषेवर रोवलेल्या लाल झेंड्यांपर्यंत. वीतभरही पुढे नाही!"

"म्हणजे घरं कोरडी?"

"ठणठणीत."

"आणि साहेब म्हणत होते, रेषा उगाच लांब ओढलीत, इथवर पाणी सात जन्मांत यायचं नाही!"

"म्हणून तर गाडी झेंड्यांच्या आत, नदीच्या बाजूला लावली होती त्यांनी."

"मग आता कुठं आहेत?"

"गाडीच्या टपावर. अहवाल मागवलाय, तिथेच मंजुरीची सही करतो म्हणाले."