प्रसेनजीतच्या दाराला दिलेला निळा

न्हाय हो पावणं, भांडन-बिंडन काय झालं न्हाय आमचं. कोन म्हनलं — आकाराम? त्येला काय, सहा म्हैनं ऱ्हायाला गेलेला मानूस दोन म्हैन्यात माघारी आला म्हंजे भांडनच. बसा. तुमची पोरगी तिकडं अमेरिकेला निघालीया म्हनून इचाराय आलाय न्हवं? मग हाय तसं सांगतो.

दोन हजार सातला गेलतो, प्रसेनजीतकडं. एकुलता एक पोरगा, कॉम्प्युटरात हाय. विमानतळावरच म्हनला, "बाबा, इथं मला पीजे म्हणतात, दचकू नका." बरं, पीजे तर पीजे. त्येची कॉलनी बघितली — शंभरभर घरं, समदी एकसारखी, बिस्किटी. मी तीस वर्सं हितं गडमुडशिंगीपास्नं बावड्यापतोर घरं रंगवली, माजी नजर रंगावर जानारच की. गवतसुदिक एका मापाचं कापल्यालं. आनि पोरांच्या शर्टावर काय लिवलंय, तर 'येगळं व्हा, मनासारखं जगा' — सूनबाई वाचून दाखवायची. धा जन त्योच शर्ट घालून येगळं व्हायलेत! पयल्या आठवड्यात फिरायला गेलो, तर माघारी आल्यावर घर सापडंना. तीन दारं वाजवली, चौथं आपलं निघालं.

मंग पोराचा वाढदिवस आला. म्हनलं, आपल्याकडं द्यायला काय हाय? हात हायती. दाराला आपला निळा देऊ. आपला म्हंजे — आमच्या वस्तीत ऱ्हातोय त्यो, विहाराच्या दारापास्नं झेंड्यापतोर. सूनबाईनं डबा आनून दिला. दार घासलं, दोन हात मारलं. सांजच्याला पोरानं गाडी लावली, दार बघितलं. मंग येऊन मला मिठी मारली. डोळं भरलंतं त्येचं, खोटं न्हाय सांगत.

आठ दिसांनी कॉलनीच्या कमिटीची चिठ्ठी. रंग यादीत न्हाय, पंधरा दिसांत बदला. मी म्हनलं, घर तुजंच न्हवं? तर म्हने, "घर माझं आहे बाबा, बाहेरची बाजू त्यांची." आता बोला! खरं बैठकीत म्हननं मांडता येतं म्हनला. आदल्या दिशी कागदावर लिवून काढलं, मला मराठीतनं वाचून दाखवलं — माज्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तितपास्नं, ह्यो रंग आमच्या घरात कसा आला, समदं. मला वाटलं, जिंकलं पोरगं.

बैठकीत अध्यक्षानं इचारलं, कुनाला काय बोलायचं हाय का. पोरगा गप. कागद खिशातच. मी कोपरानं ढोसलं — ऊठ की. उठला न्हाय. मागनं एक गोरी म्हातारी उठली, शेजारची, काठी टेकत. काय बोलली मला कळलं न्हाय, खरं हात माज्याकडं करत हुती आनि 'ब्लू, ब्लू' म्हनत हुती. ती परकी बाई बोलली, आनि माजा पोरगा मान खाली घालून बसला. मतं झाली. आमी हरलो. गाडीत म्हनला, "बाबा, तुम्ही जाल, मला इथं राहायचंय. वेगळं दिसून परवडत नाही मला." दुसऱ्या दिशी दार मीच परत बिस्किटी केलं. त्येनं ब्रश घेतलाता हातात, खरं हात लागंना त्येचा. मंग मी तिकीट अलीकडं घ्यायला लावलं.

पोराला चार शब्द सुनवायचं हुतं म्हनताय? सुनवलं असतं की. कोन अडवत हुतं — सांगू का, ऐकाच आता. नव्वद साली आमी शहरात खोली घेतलीती, त्येच्या शाळंपायी. मालक तसा बरा, खरं चौकशा लई — गाव कंचं, सोयरं कुठलं. मी आडनाव दुसरंच सांगितलंतं. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकंत, लुगड्यांच्या खाली. पोरगा आठवीला हुता. चौदा एप्रिलला आमी भायेर गेल्यावर त्येनं फोटो काढला, खिळा ठोकला, भिंतीला लावला, हार घातला. मी आलो तवा मालक जिन्यात, वर येत हुता. मी पोराच्या कानफडात मारली — जल्मात एकदाच. म्हनलं, हितं समद्यांसारखं ऱ्हायचं, कळलं? रडला न्हाय त्यो. फोटो उतरवला आनि खिळा चिमटीनंच हालवून हालवून काढला, बोटं सोलली तरी. मालक आला, पानी पिऊन गेला. आनि पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून. त्या बैठकीत बसलाता न्हवं, तसाच. अगदी तसाच, पावणं. मी काय तोंडानं बोलू?

हे माज्या बायकुला, पारूला ठावं हाय, दुसऱ्या कुनाला न्हाय. तुमाला कशापायी सांगितलं कुनास ठावं.

पोराला? न्हाय, त्या थपडंचं त्येच्यासंगं कवा बोललो न्हाय. ऐतवारी फोन करतोय, पाऊस पडला का इचारतोय, मी पडला म्हनतो. झालं. पोरीला पाठवा तुमी, बिनघोर पाठवा, शिकल्याली हाय. फकस्त तिला एवढं — न्हाय, ऱ्हाऊ द्या. काय न्हाय. उठा आता, तुमची कोडोलीची गाडी चुकंल.