सईचं सोनेरी अंडं

चहा घ्या राजेहो, पण त्या मॅडमचं नाव काढू नका, माहं डोकं अजून गरमच आहे. माही सई बाभुळगावात पाचवीत शिकते. ईस्टरसाठी अंडं सजवून आणा म्हणून वर्गात सांगितलं होतं. पोरीनं सुईनं भोकं पाडून आतलं काढलं, तं पहिलं अंडं फुटलं. दुसरं निळ्या रंगानं रंगवलं आन् त्यावर चॉकलेटच्या सोनेरी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. मी हातही लावला नाही.

मॅडमनं सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "हे घरच्यांनी केलंय," आन् अंडं बाजूला ठेवून देलं. पोरगी रडतच घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिले घेऊन मी शाळेत गेलतो. "मॅडम, माह्या पोरीले खोटारडी कायले ठरवलं?"

"मग तिला इथं माझ्यासमोर करू द्या."

मी तावातच म्हटलं, "सई, बस. दाखव मॅडमले करून."

सईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मीच केलं म्हणून सांगितलं ना. बाबा, तुमालेही खरं वाटून नाही राह्यलं काय?"

भांडण माहं मॅडमशी होतं. येतानी गाडीवर पोरगी माह्याशी बोलली नाही.