मधल्या घराच्या भिंती

शहाद्याच्या बसस्टँडवर इंजिनियर कामिनी नकाशा घेऊन बसली होती. घर न बघता, फोनवरच्या मापांवर काढलेला. पाडायच्या चार भिंती लाल पेन्सिलीनं दाखवलेल्या. मागच्या बाकावर एक काकी पुतण्याला फैलावर घेत होती.

"धीरज, सात घरनी दगडी ओळ शे आपली. त्यामातलं मधलं तू पाडी ऱ्हायना?"

"मन्हं घर शे काकी. पाडसू, स्लॅब टाकसू."

"तुन्हा घरले भिती किती?"

"चार."

"मोज. डावी कोनी?"

"तुन्ही."

"उजवी?"

"रूपचंद आबानी."

"तुन्हा आजानी सर्वास्ना नंतर घर बांधं. आमन्या दोन्ही भितीस्वर छतना लाकडं टेकी दिधात. मन्ही भीतमा आरपार गोखला ठेयेल शे. मी दिवा लावस, उजेड तुन्हा घरमाबी पडस. मंग तुन्ह्या भिती किती?"

"...दोन."

"त्या पाड. मन्हा बापनं काय जास?"

"आनि स्लॅब कशावर ठेवू?"

"तेच इचारस मी."

"मंग करू काय, काकी?"

"चुना मळ. दगडस्न्या फटी भर. पहिले मन्ही बाजूनी भीत."

कामिनीनं नकाशावरचं नाव वाचलं: धीरज. मग पर्समध्ये खोडरबर शोधू लागली.