नमुन्याचा डबा

तुम्ही डब्याचा विषय काढलात ना, मला कोरीट गावच्या मंगलाकाकूच आठवल्या. रोजच्या जेवणातल्या पालेभाज्या, हळद यांतली कोणती द्रव्यं कॅन्सर टाळायला उपयोगी पडतात, यावर आमचं संशोधन चालू आहे. त्यासाठी मी काकूंना रिकामा डबा दिला. म्हटलं, "उद्या तुम्ही जे जेवाल, तेच आणि तेवढंच यात भरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला, तर आत पुरणपोळी आणि वर तूप!

"काकू, आज सण होता का?"

"नही वं. तुन्हासाठेच करी."

"आणि तुम्ही काय जेवलात?"

"मी? अंबाडीनी भाजी अन् भाकर."

म्हणजे आम्हाला हवं होतं नेमकं तेच! मी चिडलेच. "अहो काकू, हा डबा मी खात नाही, तो मशीनमध्ये तपासायला जातो!"

काकू मग हळूच म्हणाल्या, "तूच सांगं व्हतं ना पोरी, तुन्ही माय कॅन्सरनी गयी म्हनीसन. मंग तुले डबा कोन भरी देस?"

मी तिथंच ओट्यावर बसून पोळी खाल्ली.

आता काकूंकडे जाताना मी दोन डबे नेते. एकावर नमुन्याचा नंबर असतो, दुसऱ्यावर माझं नाव.