काका उपयोगी पडले

जबाब देणार: वस्ताद या नावाने ओळखला जाणारा इसम, वय ६४, धंदा केस कापण्याचे दुकान, राहणार नाल्याकडची गल्ली, दुकानाच्याच वरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो असून, विचारल्यावरून खरे ते सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझी मुलगी व नात असे राहतो. मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. जावई नोकरीमुळे परगावी असतात. नात आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. हनुवटीवर तीळ असल्याने घरात तिला ठिपकी म्हणतात. शाळा सुटल्यापासून मुलगी कामावरून येईपर्यंत ती माझ्या दुकानात असते. खिडकीखालचा बाक तिचा आहे. तेथे ती आधी गृहपाठ व मग चित्रे करते. गिऱ्हाईक चुकून तेथे बसले तर ती त्याला उठवते. माझी गिऱ्हाइके उठतात.

दुकानात राजकारणाचे बोलणे चालते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, चालते. ‘येथे राजकारणावर बोलू नये’ अशी पाटी आरशावर लावलेली आहे. बहुतेक वेळा बोलणे त्या पाटीवरूनच सुरू होते. हवालदारसाहेब माझ्याकडेच केस कापतात, त्यामुळे त्यांना हे माहीत आहे.

आमच्या गल्लीतून शाळेत जायला नाल्यावर लाकडी फळ्यांचा साकव होता. त्याच्या फळ्या कुजून गेल्या त्याला वर्ष होऊन गेले. तेव्हापासून मोठी माणसे हमरस्त्याने वळसा घालून जातात. मुले नाल्यावरून गेलेल्या पाण्याच्या पाइपावरून जातात. जाऊ नका असे आम्ही सगळे सांगतो, पण सकाळच्या घाईत कोणाचे लक्ष नसते. दोन महिन्यांपूर्वी नातीची वर्गमैत्रीण पाइपावरून घसरून खाली पडली व तिचा हात मोडला. तिला वर काढण्यासाठी नात खाली उतरली होती. ती चिखलाने माखून दुकानात आली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून तिला नळाखाली उभी केली. ती रडली नाही. मैत्रिणीचा हात कसा दिसत होता ते मात्र तिने मला पुन्हा पुन्हा सांगितले.

साकव होता त्या जागी, नाल्याच्या काठाशी, आमच्या प्रभागाचे नगरसेवक, ज्यांना सर्व जण दादा म्हणतात, त्यांचा लोखंडी फलक उभा आहे. त्यावर दादांचा हसरा चेहरा असून ‘शाळेच्या वाटेवरील चिमुकल्यांना शुभेच्छा’ असा मजकूर आहे.

शाळेत ‘माझी वाट’ या विषयावर चित्रांचे प्रदर्शन होते. नातीने काढलेल्या चित्रात तो फलक नाल्यावर आडवा टाकलेला असून, दादा उताणे, आभाळाकडे बघून हसत आहेत. मुले दप्तरे घेऊन त्यांच्या कपाळावरून, नाकावरून व दातांवरून पलीकडे शाळेत चालली आहेत. प्लास्टरमधल्या हाताची मुलगी सर्वांत पुढे आहे. खाली ‘काका उपयोगी पडले’ असे लिहिले आहे. त्यापूर्वी तिने उडी मारायच्या दोरीने नाल्याची रुंदी व फलकाची उंची मोजून पाहिली होती. फलक थोडा जास्तच भरतो, असे तिने मला दुकानात सांगितले होते. मी त्या वेळी एका गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करत होतो. बरं, असे मी म्हणालो. चित्रात माझा सहभाग एवढाच आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी चित्रकलेच्या बाई चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात आल्या. त्या म्हणाल्या, “वस्ताद, हे घरी ठेवा. संध्याकाळी पाहुणे यायचेत, त्यांत दादापण आहेत.” मी विचारले, “वाईट काढलंय का?” त्या म्हणाल्या, “इतक्या वर्षांत एवढं चांगलं चित्र कुणी काढलं नाही. म्हणून तर घेऊन आले.” मी उलगडून पाहिले, तर चित्राच्या पाठीमागे, कोपऱ्यात, पेन्सिलीने ‘अतिउत्तम’ असा शेरा होता. बाई जाताना दारात थांबल्या व नातीला शाबास म्हणाल्या, परंतु हळू आवाजात.

चित्राची गोष्ट मुख्याध्यापिकेच्या कानावर गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. मी नातीला घेऊन गेलो. “हे हिला कोणी शिकवलं?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “लहान आहे हो ती. तिला काय कळतंय त्यातलं? सहज काढलं असेल.” मुख्याध्यापिकेचे समाधान झाले. त्यांनी मला चहा दिला. नात माझ्या शेजारीच उभी होती.

शाळेतून परत येताना तिने माझा हात धरला नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. जेवताना “आई, आजोबांना सांग पाणी हवंय,” असे म्हणे, आणि तांब्या माझ्याच हाताशी असे. मुलीने मला एकट्यात विचारले, “बाबा, तिला कळत नाही असं तुम्ही म्हणालात का?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मोजून काढलंय तिने. तुम्हाला सांगितलं होतं ना?” मग ती कामावर निघाली. त्या आठवड्यात तिला रात्रपाळी होती.

चित्र नातीने दुकानात आरशाशेजारी चिकटवले. मी काढले नाही. समोरचे छापखानेवाले माझे जुने गिऱ्हाईक असून ते विरोधी पक्षाचे काम करतात. केस कापून झाल्यावर त्यांनी मोबाइलवर चित्राचा फोटो घेतला. कौतुकाने घेतला असावा असे मला वाटले. पुढच्याच आठवड्यात ते चित्र छापलेली पत्रके प्रभागभर लागली. त्यावर ‘काका उपयोगी पडले’ हे वाक्य नव्हते. त्या जागी ‘यांना पाडा’ असे छापले होते.

नात खांबावरचे एक पत्रक काढून घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, “आजोबा, माझं वाक्य खोडलं.” इतक्या दिवसांत ती माझ्याशी थेट बोलली ते एवढेच. मी वस्तरा खाली ठेवला व तिच्याबरोबर समोर छापखान्यात गेलो. छापखानेवाले म्हणाले, “अगं बाळ, तुझं चित्र केवढं मोठं केलं बघ. सगळ्या गावाने पाहिलं.” ती म्हणाली, “मला विचारलं नाही. आणि मी पाडा म्हटलं नव्हतं. ते पडले तर आम्ही कशावरून जायचं?” त्यांनी तिला चॉकलेट देऊ केले. तिने ते गल्ल्यावर ठेवले व ती निघून आली. छापखानेवाल्यांनी मला विचारले, “वस्ताद, हिला कोण शिकवतं हे सगळं?” मी नातीच्या मागोमाग दुकानात परत आलो.

त्यानंतर दादांच्या कार्यालयातून माझ्याविरुद्ध ठाण्यात तक्रार आली. बदनामीच्या हेतूने मी नातीकडून सदर चित्र काढून घेतले व छापायला दिले, असे तीत म्हटले आहे. माझ्या दुकानाचा परवाना नगरपालिकेकडून दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो व तो याच महिन्यात संपतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. विचारले म्हणून सांगतो.

काल संध्याकाळी दादा स्वतः दुकानात आले. बरोबर कोणी नव्हते. खुर्चीत बसून दाढी करा म्हणाले. मी फेस लावला. आरशाशेजारी चित्र होते ते त्यांनी बराच वेळ पाहिले. नात बाकावर होती. त्यांनी आरशातूनच तिला विचारले, “चित्र तू काढलंस?”

“हो.”

“हा कोण?”

“तुम्ही.”

मी म्हणालो, “दादा, पोरगी...” पण पुढे म्हणालो नाही. नात माझ्याकडे बघत होती.

दादा म्हणाले, “माझं नाक एवढं मोठं आहे?”

ती म्हणाली, “तुमचं नाही. फलकावरचं आहे. नाकावर धरायला बरं पडतं, तिथे उतार आहे.”

दादांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. त्यांच्या बोटाला फेस लागला. ते म्हणाले, “आणि ‘यांना पाडा’ हेपण तूच लिहिलंस?”

“ते छापखानेवाल्या काकांनी लिहिलं. माझं वाक्य चित्रावर आहे, वाचा.”

त्यांनी वाचले. मग म्हणाले, “असं कर. हे चित्र दादांचं नाही, असंच कुणाचं तरी आहे, एवढं सांगून टाक. तुझ्या आजोबांवरचं सगळं मिटवतो.”

नातीने चित्राकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “पण ते तुमचंच आहे. दुसऱ्या कुणाचा फलक एवढा लांब नाही.”

दादा हसले. गालावर वस्तरा असल्याने मी हात थांबवला. हसणे संपल्यावर मी दाढी पुरी केली. तोंड पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “फळ्या कुजून खरंच वर्ष झालं?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “तक्रार कार्यालयातल्या पोरांनी केली. उद्या ठाण्यात जा आणि जे आहे ते लिहून द्या. तिने काढलं तेही आणि छापखान्याने बदललं तेही.” मग त्यांनी नातीकडे ते चित्र मागितले. ती म्हणाली, “साकव झाला की देईन.” ते बरं म्हणाले.

आज सकाळी नगरपालिकेची दोन माणसे टेप घेऊन नाला मोजताना मी पाहिली. फळ्या अद्याप आलेल्या नाहीत.

जबाब लिहिताना हवालदारसाहेब मला म्हणाले, “वस्ताद, ‘बालबुद्धीने, अजाणतेपणी काढले’ असं टाकतो. तुमचा परवानाही सुटेल आणि फाईलही बंद होईल.” तसे न लिहिल्यास, शिकवले कोणी हा प्रश्न माझ्यावर कायम राहतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. त्यांचा हेतू चांगला आहे. तरी मी सांगतो की, चित्र माझ्या नातीने स्वतः, समजून, मोजमाप घेऊन काढले आहे. तिला कोणी शिकवले नाही. तिला कळत नाही असे मी शाळेत म्हणालो ते खोटे होते. मी भीतीपोटी बोललो. तिला माझ्यापेक्षा जास्त कळले होते.

नात माझ्यासोबत आली असून आतापर्यंत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होती. वरील मजकूर लिहिला जात असता ती सरकत माझ्याजवळ आली व तिने माझ्या शर्टाची बाही धरली. याचा तपासाशी संबंध नाही, हे लिहायची जरूर नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. लिहा, असे मी म्हणालो.

सदर चित्र तपासासाठी ठाण्यात ठेवून घेतले आहे. ते घडी न घालता ठेवावे अशी नातीची विनंती असून हवालदारसाहेबांनी ते स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली सरळ ठेवले आहे. त्याची पोच मी मागितली. कोणाच्या नावे करू, असे विचारल्यावर, जिने काढले तिच्या नावे करा, असे मी सांगितले. त्याप्रमाणे पोच केली आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात उतरले आहे, म्हणून सही करतो. नातीनेही तो उभे राहून शेवटपर्यंत ऐकला. तिच्या सहीची कायद्याने गरज नसल्याचे तिला सांगितले. तिने पेन मागून घेतले व माझ्या सहीखाली आपले पूर्ण नाव लिहिले आहे.